कडू म्हणजे औषधच का?

आपल्याकडे कडू ते गुणकारी, असा समज घट्ट बसलेला आहे. गुढीपाडव्याला आपण कडुनिंबाची पाने खातो. मधुमेह झाला की शेजारीपाजारी कारल्याचा रस सुचवतात. मूल औषध थुंकू लागले की आजी म्हणते, "कडू आहे म्हणूनच गुण येतो." धाटावच्या माझ्या दवाखान्यातही हे मत नेहमी कानी पडते. म्हणून आज कडू चवीविषयी थोडे.

गोड चव ओळखायला जिभेला एकाच प्रकारचे ग्राहक पुरते. कडू चवीसाठी मात्र निसर्गाने सुमारे पंचवीस प्रकारचे ग्राहक दिले आहेत. कारण किडे व जनावरे यांपासून बचाव व्हावा म्हणून अनेक वनस्पती विषारी द्रव्ये तयार करतात आणि ती बहुधा कडू असतात. आपल्या औद्योगिक वसाहतीत धोकादायक रसायनाच्या पिंपावर कवटीचे चिन्ह असते ना, तशीच ही वनस्पतीची सूचना समजावी.

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी कडू द्रव्यांची एक सूचीच संगणकावर तयार केली आहे. २०१२ मध्ये तीत साडेपाचशेहून अधिक द्रव्ये होती. २०१९ पर्यंत ही संख्या हजारावर गेली. हिवतापावरचे क्विनाइन तीत आहे, कॉफीतले कॅफिन आहे आणि काजऱ्याच्या बियांतील स्ट्रिक्नीन हे जीवघेणे विषही आहे. औषध, पेय आणि विष एकाच पंगतीला! म्हणजे जीभ फक्त "सावध" एवढेच सांगते. पुढचा विचार आपण करायचा.

हा विचार न केल्यास काय होते, ते दुधीच्या रसाने दाखवून दिले आहे. दुधी एरवी निरुपद्रवी. पण एखादे फळ कडू निघते, तेव्हा त्यात कुकरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये वाढलेली असतात. २०१० मध्ये दिल्लीतील एका शास्त्रज्ञाचा असा कडू रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू दुधीचा रस मुळीच पिऊ नये, असे स्पष्ट बजावले. २०१८ मध्ये पुण्यातील एका महिलेच्या मृत्यूची अशीच बातमी आली होती.

सकाळी फिरून येऊन रस पिणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. दुधी किसण्यापूर्वी लहानशी फोड जिभेला लावून पाहावी. कडू लागली तर थुंकून चूळ भरावी आणि अख्खा दुधी टाकून द्यावा. शिजवल्याने हे विष जात नाही. मीठ-लिंबाने फक्त चव झाकली जाते. दुधीत कारल्याचा रस तर मिसळूच नये, कारण मग कडूपणा नेमका कशाचा हे कळतच नाही. तसेच कारल्याच्या भरवशावर मधुमेहाच्या गोळ्या बंद करू नयेत.

रस प्यायल्यावर पोटात कळा, उलट्या, जुलाब सुरू झाले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. उलटीत रक्त दिसू शकते, रक्तदाब झपाट्याने उतरू शकतो. या विषावर खास उतारा नाही. वेळेवर सलाईन व देखरेख हाच आधार. रुग्णालयात पोचताच काय प्यायले, किती व केव्हा, हे आधी सांगा.

दहा रुपयांचा दुधी वाया गेला म्हणून हळहळू नये; जीव त्याहून मोलाचा आहे.