हजेरीची वही घरात हवी

बोईसर स्थानकात सकाळी गाडी लागली की हातात डबा घेतलेली माणसे तारापूर औद्योगिक वसाहतीच्या दिशेने निघतात. कोणी डहाणू-वाणगावकडचा, कोणी पालघर-सफाळ्याचा, तर कोणी उत्तर प्रदेश-बिहारातून पोटासाठी आलेला. रसायन, औषध, कापड, पोलाद अशा कारखान्यांत ही माणसे राबतात. त्यांतील कितीतरी जण कंपनीचे नव्हे, तर ठेकेदाराचे कामगार असतात. त्यांनी किती दिवस आणि किती तास काम केले याची नोंद कोणाजवळ असते? ठेकेदाराजवळ! कामगाराजवळ असतो तो फक्त गेटपास. पगाराच्या दिवशी दोन खाडे जास्त लागले, ओव्हरटाईमचे तास कमी भरले, उचल जास्त कापली गेली, तर बोलायचे कशाच्या आधारावर? कामगार कायद्यात हरत नाही, तो हिशेबात हरतो, असे आम्हाला वाटते.

या भागाला हा प्रश्न नवा नाही. आजचा पालघर जिल्हा २०१४ साली ठाण्यातून वेगळा झाला. त्याच्या उत्तर भागात एकेकाळी जमीनदार वारली बांधवांकडून वेठ करून घेत. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही ‘लग्नगडी’ म्हणून सावकाराच्या घरी राबत. कर्ज किती, फिटले किती, हे सावकाराच्या चोपडीत. वारल्याकडे होता तो केवळ अंगठा. १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उंबरगाव-डहाणूचे वारली उठले. वेठ बंद करा, दिवसाला बारा आणे मजुरी द्या, ही त्यांची मागणी होती. गवतकापणीसाठी त्यांनी पाचशे पौंडांना अडीच रुपये असा दर मागितला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड व त्यांचे साथी हुतात्मा झाले. तरीही संप मोडला नाही. किती कामाला किती दाम, हे आता प्रत्येक वारल्याला तोंडपाठ होते.

हेच शामराव परुळेकर १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात निवडून आले होते. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४६ साली, बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. किमान वेतनाचे विधेयकही त्यांनी त्याच वर्षी मांडले. त्याचा कायदा १९४८ साली झाला.

आता ते जुने कायदे जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. कारखान्यातील दिवस ९ ऐवजी १२ तासांचा करण्यास राज्य मंत्रिमंडळानेही सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. ‘आता बारा तास कायदेशीर झाले, ओव्हरटाईम विसरा’ असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच आहे आणि ओव्हरटाईमचा दर दुपटीचाच आहे.

हिशेब सोपा आहे. समजा, आठ तासांची मजुरी ५०० रुपये. म्हणजे तासाला साडेबासष्ट. ओव्हरटाईमचा तास १२५ रुपयांचा. तेव्हा चार तास ओव्हरटाईमचे ५०० रुपये होतात, म्हणजे आणखी एका पूर्ण दिवसाची मजुरी! ठेकेदार साध्या दराने अडीचशे टेकवतो, तेव्हा तो आपला अर्धा दिवस खिशात घालतो.

वेतन संहितेतील आणखी काही गोष्टी घरातल्या सर्वांना ठाऊक असाव्यात. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे. कामावरून काढले किंवा स्वतः सोडले, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता झाला पाहिजे. पगाराची पावती मिळणे हा हक्क आहे. त्याच कामासाठी बाईला कमी आणि पुरुषाला जास्त मजुरी देता येत नाही. ठेकेदाराने पैसे बुडवले, तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते. थकलेल्या वेतनासाठी तीन वर्षांच्या आत दावा करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर असते.

मग वहीची गरज काय? गरज अशी की, मालक आपला हजेरीपट पुढे करील, तेव्हा त्यातले काय खोटे आहे हे आपल्याला तारीखवार सांगता आले पाहिजे. ‘खूप तास काम केले’ एवढे म्हणून भागत नाही.

जिवावरचा प्रसंगही लक्षात घ्या. ११ जानेवारी २०२० रोजी तारापूर औद्योगिक क्षेत्रातील एका रासायनिक कारखान्यात भीषण स्फोट होऊन अनेकांचे प्राण गेले. अशा वेळी हजेरीपटावर नावच नसेल, तर तो माणूस त्या दिवशी तिथे कामावर होता, हे बायकामुलांनी कसे दाखवायचे? म्हणून वही कारखान्यात नव्हे, घरात ठेवावी. घरधन्याला लिहिता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या मुलीने रात्री विचारून लिहावे. तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, घेतलेली उचल, हाती आलेला पगार, इतके पुरे. गेटपास आणि बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स त्याच वहीत असावी. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा मात्र कधीही देऊ नये.

आणि एकट्याने भांडू नये. एकटा बोलला तर उद्या त्याचा गेटपास बंद होतो. एकाच ठेकेदाराकडच्या दहा जणांच्या वह्या जुळल्या की त्या घेऊन नोंदणीकृत युनियनकडे किंवा कामगार आयुक्तांच्या कार्यालयाकडे जाता येते. कामगारांच्या वतीने युनियनलाही दावा दाखल करता येतो. अर्ज दिला की पोच घ्यावी आणि तीही वहीत चिकटवावी.

तेव्हा येत्या पगाराच्या आत शंभर पानी वही घरात आणा. पहिल्या पानावर ठेकेदाराचे नाव, कारखान्याचे नाव, कामाला लागल्याची तारीख आणि ठरलेला रोज लिहा. दुसऱ्या पानापासून हजेरी सुरू करा.