जुन्या मॅकिंटॉशला बाजारातली हार्ड डिस्क

१९८६ साली आलेल्या मॅकिंटॉश प्लसपासून पुढे बरीच वर्षे ॲपलच्या संगणकांना हार्ड डिस्क ‘स्कझी’ पद्धतीने जोडली जाई. ही पद्धत कोणा एका कंपनीच्या मालकीची नव्हती. क्वांटम, सीगेट, कॉनर यांच्या स्कझी डिस्क बाजारात सुट्या मिळत, आणि ॲपल स्वतःच्या संगणकांत बसवत असे त्या डिस्कही अशाच कंपन्यांच्या असत. तरीही सुटी डिस्क आणून जोडली की लगेच चालत नसे. डिस्कमध्ये मात्र काही खोट नसे.

संगणकाने विचारल्यावर प्रत्येक स्कझी डिस्क आपली ओळख सांगते: आठ अक्षरांत कंपनी, सोळा अक्षरांत मॉडेल. ॲपलचा ‘एचडी एससी सेटअप’ हा फॉरमॅट करण्याचा प्रोग्राम ही ओळख तपासे आणि नाव आपल्या यादीतले नसेल तर ती डिस्क नाकारी. यंत्राच्या दृष्टीने या नकाराला काहीच आधार नव्हता.

दुसरी अडचण ड्रायव्हरची. मॅकिंटॉश डिस्कचा ड्रायव्हर त्या डिस्कवरूनच उचलतो. पहिल्या ब्लॉकमध्ये त्याचा पत्ता लिहिलेला असतो. रॉम तो वाचून ड्रायव्हर मेमरीत आणते. त्यामुळे पीसीवर फॉरमॅट केलेली डिस्क इथे सुरू होत नाही. एफडब्ल्यूबीचे ‘हार्ड डिस्क टूलकिट’ किंवा ला सीचे ‘सिल्व्हरलाइनिंग’ यांनी ही कोंडी फोडली: डिस्क कोणत्याही कंपनीची असो, ते ती फॉरमॅट करून आपला ड्रायव्हर तिच्यावर ठेवत. पुढे हौशी मंडळींनी ॲपलच्या प्रोग्राममधली ओळख तपासणीच काढून टाकली. आज डिस्कच्या जागी एसडी कार्ड लावणाऱ्या ‘ब्लूस्कझी’सारख्या पट्ट्या उलट वाटेने जातात. त्या स्वतःची ओळख ‘सीगेट एसटी२२५एन’ अशी देतात. मुळात ती जेमतेम २० मेगाबाइटची डिस्क. पण नाव यादीत असल्याने ॲपलचा मूळ प्रोग्राम कित्येक पट मोठे कार्डही बिनतक्रार स्वीकारतो.

जोडणीत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. प्रत्येक उपकरणाचा क्रमांक वेगळा हवा. ७ संगणकाचा, ० सहसा आतल्या डिस्कचा. साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर हवेत, मधे एकही नको. सर्व्हरमधून काढलेल्या ८० पिनांच्या डिस्कमध्ये टर्मिनेटर नसतोच, म्हणून ५० पिनांच्या ॲडॅप्टरबरोबर तो वेगळा लावावा लागतो.

मोठी डिस्क घेतानाही हिशेब करायला हवा. सिस्टिम ७.१ पर्यंत एका व्हॉल्यूमची मर्यादा २ जीबी होती, ७.५ मध्ये ती ४ जीबी झाली. शिवाय फाइली साठवण्याच्या जुन्या एचएफएस पद्धतीत व्हॉल्यूमचे जास्तीत जास्त सुमारे ६५,००० तुकडे पडतात. २ जीबीच्या व्हॉल्यूमवर एक तुकडा ३२ केबीचा होतो आणि चार ओळींची चिठ्ठीही तेवढी जागा अडवते. १९९८ च्या मॅक ओएस ८.१ ने आणलेल्या एचएफएस प्लसने हा अपव्यय थांबवला, पण ६८०३० प्रोसेसरवर ८.१ चालत नाही आणि ६८०४० चा मॅक एचएफएस प्लसवरून सुरू होत नाही. या संगणकांवर ५०० एमबीच्या आसपासची पार्टिशन पाडणेच सोयीचे. तिथे तुकडा ८ केबीचा राहतो.