गिअर बटणावर आले, देखभाल हातातच राहिली

हैदराबादच्या आउटर रिंग रोडलगत ऑक्टोबर २०२३ मध्ये सौर पॅनेलचे छप्पर असलेला २३ किलोमीटरचा सायकल मार्ग सुरू झाला. नानकरामगुडा, नार्सिंगी, कोल्लूर या पट्ट्यात आता रोड बाइक हे नवलाईचे वाहन राहिलेले नाही, आणि त्यांतल्या महागड्या सायकलींवर गिअरची केबल दिसेनाशी होऊ लागली आहे. हँडलवरचे बटण दाबले की मागच्या डिरेलरमधली, म्हणजे चेन सरकवणाऱ्या भागातली, छोटी मोटर चेन शेजारच्या चकतीवर नेऊन ठेवते. केबल गेली म्हणजे गिअरची कटकटही गेली, अशी यामागे सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. इलेक्ट्रॉनिक गिअरने वारंवार जुळवणी करण्याचे काम काढून घेतले. देखभालीचे काम मात्र जिथे होते तिथेच आहे. हा फरक लक्षात न आल्यानेच महागडी यंत्रणाही कुरकुरू लागते.

केबलच्या गिअरमध्ये बिघाड हळूहळू शिरतो. आवरणात पाणी आणि धूळ जाते, घर्षण वाढते, तार गंजते किंवा शिफ्टरच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या लिव्हरच्या, आत तिचे धागे सुटू लागतात. मग चेन कधी उशिरा चढते, कधी दोन चकत्यांमध्ये घुटमळते. बारा गिअरच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांच्या संचात, चकत्यांमधले अंतर सुमारे साडेतीन मिलिमीटर असते, त्यामुळे तारेतला किंचितसा ढिलेपणाही जाणवतो. मोटरला हा प्रश्न नाही. एकदा ठरवून दिलेल्या जागी ती प्रत्येक वेळी तितक्याच अचूकपणे थांबते. ही कल्पना १९९० च्या दशकात फ्रान्सच्या मॅविक कंपनीने बाजारात आणली होती, पण ती टिकली नाही. शिमानोची ड्युरा-एस डीआय२ २००९ मध्ये आली, कॅम्पाग्नोलोची ईपीएस २०११ मध्ये, आणि २०१५ मध्ये स्रॅमने ईटॅप आणून विजेची तारही काढून टाकली. २०२२ मध्ये शिमानोच्या १०५ या मधल्या श्रेणीतही ही सोय आली, तेव्हा ती शर्यतपटूंपुरती उरली नाही.

जुळवणी अवघड नाही, मात्र तिचा क्रम पाळावा लागतो. आधी डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर सरळ आहे का, हे मापकाने तपासायचे. मग शिफ्टर आणि डिरेलर यांची जोडणी करायची; त्यासाठी कंपनीच्या ॲपची किंवा डिरेलरवरच्या बटणाची मदत होते. त्यानंतर डिरेलरचे वरचे चाक आणि सर्वांत मोठी चकती यांतले अंतर स्क्रूने ठरवायचे. मग सूक्ष्म जुळवणी करायची, आणि चेन दोन्ही टोकांना बाहेर पडू नये म्हणून मर्यादेचे स्क्रू सर्वांत शेवटी जुळवायचे. सूक्ष्म जुळवणीसाठी शिमानोच्या पद्धतीत चेन मधल्या चकतीवर ठेवून डिरेलर आतल्या बाजूला एकेक पायरी सरकवतात. शेजारच्या मोठ्या चकतीला चेन घासल्याचा बारीक आवाज आला की चार-पाच पायऱ्या मागे यायचे. हे एकदा नीट झाले की पुन्हा हात लावण्याची गरज क्वचितच पडते.

आणि खरी चूक इथेच होते. गिअर नीट पडेनासा झाला की केबलच्या सवयीने सायकलस्वार ॲप उघडतो आणि पायऱ्या पुढेमागे करत बसतो. पण मोटरची जागा आपोआप सरकत नाही. गिअर बिघडला असेल तर बहुधा दुसरेच काही बदललेले असते: सायकल पडून हँगर वाकलेला असतो, चाक नीट बसलेले नसते, चेन झिजलेली असते किंवा कॅसेटमध्ये माती साचलेली असते. अशा वेळी पायऱ्या सरकवल्या तर एक गिअर सुधारतो आणि दुसरा बिघडतो. शहराच्या बाहेर पडलेल्या रस्त्यांवर बांधकामाची धूळ आणि ग्रॅनाइटची कच असते; ती तेलात मिसळली की चेनला कानशीसारखी झिजवते. म्हणून चेन पुसून मगच तेल द्यावे, आणि मापकावर ती ०.५ टक्के ताणलेली दिसली की बदलावी. पावसाचे पाणी ही यंत्रणा सोसते, पण प्रेशर पंपाचा फवारा सांध्यांवर मारू नये. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत बॅटरीसह सायकल ठेवणेही बरे नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की वाटेत बॅटरी संपली तर काय? ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, २०० किलोमीटरची असली तर तिला साडेतेरा तासांची मुदत असते. स्रॅमची बॅटरी साधारण ६० तास चालते, तर शिमानोची नवी बारा गिअरची यंत्रणा एका चार्जवर सुमारे हजार किलोमीटर. शिवाय शिमानोत चार्ज उतरला की आधी पुढचा डिरेलर थांबतो, मागचा नंतर. स्रॅममध्ये पुढची बॅटरी काढून मागे लावता येते. तेव्हा वाटेत बॅटरी संपते ती बहुतेकदा निघण्यापूर्वी बॅटरीचा दिवा न पाहिल्यामुळे. बिनतारी शिफ्टरमधले बटणसेल मात्र विसरले जातात, कारण ते बराच काळ टिकतात. दुसरा आक्षेप दुरुस्तीचा: अनंतगिरीच्या टेकड्यांच्या वाटेवर गिअर अडला तर गावातला मेकॅनिक काय करणार? हे खरेच आहे. मोटर जळाली तर ती रस्त्यात दुरुस्त होत नाही, सुटा भागही महाग असतो. पण रोड बाइकच्या शिफ्टरला लागणारी केबलही खेड्यातल्या दुकानात सहसा मिळत नाही. फरक इतकाच, की केबल खिशात नेता येते, डिरेलर नेता येत नाही.

म्हणून दूरच्या, एकाकी रस्त्यांवर फिरणाऱ्याने केबल ठेवली तर त्यात मागासलेपण नाही, आणि जिला मनगटाच्या दुखण्यामुळे लिव्हर ढकलणे जड जाते तिने बटण घेतले तर त्यात चैन नाही. निवड कोणतीही असो, चेनचे मापक आणि फ्रेमला नेमका बसणारा एक जादा हँगर हा खर्च आधी करावा. ॲपमधल्या कुठल्याही सोयीपेक्षा या दोन वस्तू गिअर जास्त काळ नीट ठेवतात.