आईची हकिगत आईकडूनच ऐकू या

नवीन पनवेलच्या सिडको वसाहतीत राहणारी आपली अनेक कुटुंबे बाहेरून आलेली. कोणी मुंबईच्या चाळीतून, कोणी रत्नागिरीच्या खेड्यातून, कोणी सातारा-सोलापूरहून. मुलाला नोकरी लागली, सिडकोचे घर मिळाले आणि गावाकडची म्हातारी आई त्या दोन खोल्यांत राहायला आली. नातवंडे तिच्या मांडीवर वाढली. एक दिवस ती गेली. मग जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्त्या लागतात, बौद्धाचार्य त्रिशरण-पंचशील देतात आणि माणसे आदरांजली वाहण्यास उभी राहतात.

अशा वेळी आपण काय बोलतो? कालकथित मातोश्री कष्टाळू होत्या, प्रेमळ होत्या, त्यांनी हालअपेष्टा सोसून मुलांना वाढवले. हे खोटे नाही. पण शेजारच्या इमारतीतल्या आजीलाही याच शब्दांत आदरांजली वाहिलेली असते. ही माउली पाण्यासाठी कोणत्या विहिरीवर ताटकळत उभी राहिली? धर्मांतर झाले तेव्हा ती किती वर्षांची होती? घरातले देव तिने स्वतः बाहेर काढले की सासूशी भांडून? तिची किती मुले जगली, किती गेली? हे विचारले तर घरातली कर्ती माणसेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

तिने कधी सांगितलेच नाही, असे आपण म्हणतो. यावर फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे उदाहरण आम्हाला आठवते. १९२९ साली वीरगावला आजोळी त्यांचा जन्म झाला. लहान वयात लग्न, पदरी मुले, उपजीविकेला छोटेसे दुकान. पुडी बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत. नवरा माल आणायला बाहेर पडला की लिहीत आणि कोणाच्या हाती लागू नये म्हणून लिहिलेले अडगळीत लपवून ठेवत. असे सुमारे वीस वर्षे चालले. अमेरिकेतून येऊन फलटणला राहिलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी आस्थेने विचारपूस केली, तेव्हा ते लिखाण बाहेर आले. आधी ‘स्त्री’ मासिकात आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तकरूपात. घरात आई काय लिहिते हे घरालाच ठाऊक नव्हते! विचारणारे माणूस बाहेरून यावे लागले. २०१२ साली बेबीताई गेल्या, पण त्यांची हकिगत राहिली.

त्या पुस्तकातली आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बेबीताईंनी गावाने केलेला जुलूम लिहिला, तसाच आपल्याच घरात कोवळ्या सुनांचा झालेला छळही लिहिला. आदरांजलीच्या भाषणात आपण हे टाळतो. आईने कोणामुळे सोसले, हे सांगताना कधी वडिलांचे नाव येते, कधी आजीचे. पण तेवढे वगळून उरते ती आईची तसबीर. आई त्यात नसते.

सोलापूर जिल्ह्यातल्या महूद गावच्या शांताबाई कांबळे १९४२ साली शिक्षिका झाल्या. निवृत्तीनंतर त्यांनी ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ लिहिली. दलित पँथरचे नेते प्रा. अरुण कांबळे हे त्यांचे चिरंजीव. ते २००९ साली गेले. शांताबाई २०२३ च्या जानेवारीत, शंभरी गाठायला महिनाभर असताना गेल्या.

वाचक म्हणतील, या दोघींना लिहिता येत होते, आमच्या आईला अक्षरओळखही नाही. त्याचेही उत्तर आपल्याच भगिनींनी दिले आहे. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी चळवळीतल्या वयोवृद्ध स्त्रियांना गाठले, त्यांना बोलते केले आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. महाडच्या सत्याग्रहापासून चळवळीत बायका होत्या, परिषदा घेत होत्या, हे त्यामुळे कागदावर आले. पुढे उर्मिलाताईंनी ‘आयदान’ लिहिले, त्यात बांबूच्या टोपल्या, सुपे विणून मुले वाढवणारी त्यांची आई आहे. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांचे नाते त्यांनी ओळखले.

१९५६ साली जी मुलगी दहा वर्षांची होती, ती आज ऐंशीच्या घरात आहे. बाबासाहेबांना पाहिलेले डोळे आता थोडे उरले आहेत. म्हणून आमची विनंती आहे. रविवारी दुपारी आईजवळ, आजीजवळ बसा. नातवाच्या हातात मोबाईल असतोच, तिचा आवाज त्यात घ्या आणि नंतर वहीत उतरवा. मोठे प्रश्न विचारू नका. माहेरचे गाव कोणते, लग्नात काय नेसली होतीस, पहिली मजुरी किती मिळाली, गेलेल्या लेकरांची नावे काय होती, एवढेच विचारा. ती रडली तर थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. तिच्या बोलीतले शब्द शुद्ध करू नका.

ज्यांची आई आता नाही त्यांनी मावशीला, आत्याला, गावाकडच्या तिच्या मैत्रिणीला विचारावे. येत्या स्मृतिदिनाला भाषणांबरोबर त्या वहीतली दोन पाने नातीकडून वाचून घ्यावीत.