प्रोथ्रॉम्बिन कालाच्या मापनातील भेद

वॉर्फरिन हे क्लथनरोधक औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्ताचा एकच नमुना दोन प्रयोगशाळांत तपासला असता एकीत ३६ सेकंद, तर दुसरीत २१ सेकंद असा प्रोथ्रॉम्बिन काल येऊ शकतो. आणि तरीही दोहोंपैकी कोणाचीही चूक झालेली नसते. या भेदाचे मूळ कशात आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

क्विक व त्यांचे सहकारी यांनी १९३५ मध्ये मांडलेल्या या परीक्षेत रक्तद्रवात थ्रॉम्बोप्लास्टिन व कॅल्शियम मिसळून गुठळी होण्यास लागणारा काल मोजतात. थ्रॉम्बोप्लास्टिन कोठे मानवी मेंदूपासून, कोठे सशाच्या मेंदूपासून काढीत असत. वॉर्फरिनमुळे क्लथन-घटकांत येणारी उणीव प्रत्येक द्रव्य सारख्याच तीव्रतेने दर्शवीत नाही. १९७० च्या दशकात उत्तर अमेरिकेत कमी संवेदनशील द्रव्ये रूढ झाली, परंतु उपचाराचे उद्दिष्ट-गुणोत्तर तेच राहिले. परिणामी औषधाची मात्रा नकळत वाढली व रक्तस्रावाचा धोकाही वाढला.

यावर १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उपाय स्वीकारला. रुग्णाच्या कालास निरोगी व्यक्तींच्या सरासरी कालाने भागावे, आणि येणाऱ्या गुणोत्तरास त्या द्रव्याच्या संवेदनशीलता-निर्देशांकाचा घातांक द्यावा. हेच ‘आय.एन.आर.’ होय. वरील उदाहरणात दोन्ही प्रयोगशाळांची सरासरी १२ सेकंद मानू. पहिलीचा निर्देशांक १ असल्यास ३६ ÷ १२ = ३; दुसरीचा २ असल्यास (२१ ÷ १२)² म्हणजे सुमारे ३.१. दोन्ही आकडे वस्तुतः एकच गोष्ट सांगतात.

तथापि भेद सर्वस्वी मावळत नाहीत. घातांक मोठा असला की मापनातील दोषही मोठा होतो. एका सेकंदाच्या चुकीने पहिल्या प्रयोगशाळेचा आकडा ३.०८ होईल, तर दुसरीचा जवळजवळ ३.४. म्हणून १ च्या जवळपास निर्देशांक असलेले द्रव्य श्रेयस्कर. शिवाय निर्देशांक यंत्रानुसार बदलतो. सायट्रेटची संहती ३.२ टक्क्यांऐवजी ३.८ टक्के असली, किंवा नळी अपुरी भरली, तरी निष्कर्ष ढळतो. सरासरी सामान्य कालही प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्याच द्रव्यावर व यंत्रावर, किमान २० निरोगी व्यक्तींचे नमुने घेऊन ठरवावा लागतो.

बहुतेक रुग्णांत उपचाराची इष्ट मर्यादा २ ते ३ एवढी अरुंद असते. तिच्या खाली गुठळीचे भय, वर रक्तस्रावाचे. अशा स्थितीत अर्ध्या अंकाचा फरकही मात्रेचा निर्णय पालटू शकतो. यास्तव रुग्णाची तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत व्हावी, आणि आकडा अनपेक्षितपणे बदलल्यास मात्रा बदलण्यापूर्वी नमुना, द्रव्य व निर्देशांक यांची शहानिशा करावी, हेच शास्त्रसंमत होय.