लोकरीचे कपडे, रिठा आणि हिवाळ्यातली खाज

धम्मचक्र प्रवर्तन दिन होऊन गेला की आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये पेट्या उघडतात. स्वेटर, कानटोप्या, शाली, घोंगड्या बाहेर येतात आणि पाठोपाठ लेकरांच्या मानेवर, काखेत, मनगटावर लाल पुरळ दिसू लागते. कोणी म्हणते नजर लागली, कोणी मेडिकलमधून मलमाची ट्यूब आणते. आम्ही आधी एवढेच विचारतो: ताई, हा स्वेटर कशाने धुतला?

उत्तर बहुतेक वेळा एकच असते, कपड्याच्या पावडरीने. या पावडरीत सोडा असतो. सुती लुगड्याला, सदऱ्याला तो चालतो, लोकरीला चालत नाही. लोकर म्हणजे मेंढीचे केस. आपल्या केसांसारखीच ती केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असते. सोड्याने ती खरबरीत होते. गरम पाण्यात घासली की केसांवरचे बारीक खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटतो. शिवाय जाड विणीत पावडर अडकून बसते, एका पाण्यात निघत नाही. घाम आला की तीच कातडीला झोंबते. बोअरच्या जड पाण्यात वडीचा साबण वापरला तर त्याचाही चिकट थर कपड्यावर राहतो.

रिठ्याचे तसे होत नाही. त्याच्या सालीत सॅपोनिन असते, त्याचा फेस जड पाण्यातही येतो. एका स्वेटरला सात-आठ रिठे पुरतात. बिया काढून साली रात्रभर तांब्याभर पाण्यात भिजवा, सकाळी कुस्करून फडक्याने गाळा आणि अर्धी बादली साध्या पाण्यात घाला. स्वेटर उलटा करून दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवा आणि हाताने दाबत राहा. मोगरी नको, दगडावर आपटणे नको, पिळणे तर अजिबात नको. मग फेस जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांतून काढा. पाणीटंचाईत हे अवघड वाटते, पण शेवटचे पाणी मोरी धुवायला चालते. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर फार झोंबते, म्हणून लेकरांना दूर ठेवा. रिठे नसतील तर एक रुपयाची शाम्पूची पुडी घ्या. केसांसाठी केलेली वस्तू लोकरीलाही मानवते.

वाळवताना दोरीवर टांगू नका, ओल्या वजनाने स्वेटर लोंबतो. कोरड्या टॉवेलात गुंडाळून पाणी टिपा आणि बाजेवर सावलीत आडवा पसरा.

बाजारात लोकर म्हणून मिळणारे पुष्कळ कपडे खरे तर ॲक्रिलिकचे असतात. एक धागा काढून, चिमट्यात धरून जाळून पाहा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. ॲक्रिलिक सोड्याने बिघडत नाही, पण त्यातही पावडर अडकतेच. म्हणून तान्ह्या बाळाचे झबले-टोपी कशाचेही असो, सौम्यच धुवा, आणि आत मऊ सुती कापड घाला.

मात्र खाज रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत, कमरेला बारीक पुटकुळ्या असतील आणि घरात दोघा-तिघांना असेल, तर ती खरूज समजा. ती रिठ्याने जात नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, आणि औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावा, खाज नसली तरी. स्टिरॉइड मिसळलेले मलम मनाने आणू नका. खाज दबते, आजार पसरतो. सुती कपडे-चादरी कडक गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवा. लोकर उकळता येत नाही. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि आठवडाभर बाजूला ठेवा. खरजेचे किडे माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त सहसा जगत नाहीत. आठवड्यानंतर ती पिशवी सोडा आणि कपडे रिठ्यात धुवा.