त्रैक्याचा वाद: नायसियापासून पंडिता रमाबाईंपर्यंत

देव एकच, पण तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा आहे, आणि तरीही देव तीन नाहीत. या शिकवणीला मराठी ख्रिस्ती लोक ‘पवित्र त्रैक्य’ म्हणतात. क्रुसाची खूण करताना कॅथलिक माणूस तिघांचे नाव रोज घेतो. बाहेरच्याला हे कोडे वाटते आणि कोड्याभोवती समजुती जमत जातात. त्यांतल्या काही बाहेरच्यांच्या आहेत, काही मात्र श्रद्धावंतांनीच जपलेल्या.

गैरसमज: त्रैक्य म्हणजे ख्रिस्ती लोकांची त्रिमूर्ती.

आपल्याकडे हीच समजूत सर्वांत जास्त आढळते. ब्रह्मा निर्माण करतो, विष्णू सांभाळतो, महेश संहार करतो, तशी कामाची वाटणी त्रैक्यात नाही. सृष्टीची निर्मिती असो की माणसाचे तारण, ख्रिस्ती धर्मशास्त्र ते कार्य तिघांचे मिळून मानते. तिघांत वेगळेपण आहे ते नात्याचे: पुत्र पित्यापासून जन्मलेला, आत्मा पित्यापासून निघालेला. एकच देव वेळोवेळी तीन रूपे घेतो, असेही नाही. धार्मिक शिक्षणाच्या वर्गांत पाणी, बर्फ आणि वाफ यांचा दृष्टांत आजही सांगितला जातो. पण त्यातून निघणारे मत तिसऱ्या शतकातल्या सबेलियसचे आहे आणि चर्चने ते तेव्हाच नाकारले. युरोपात एका मस्तकाला तीन चेहरे असलेली त्रैक्याची चित्रे काढली जात. १६२८ साली पोप आठवे अर्बन यांनी त्यांना मनाई केली.

मरियामाता त्रैक्यापैकी एक आहे, ही समजूतही ऐकू येते. कोणतेही प्रमुख चर्च तसे मानत नाही.

गैरसमज: ३२५ साली नायसियात सम्राट कॉन्स्टंटाइनने मतदान घेऊन येशूला देव ठरवले.

कादंबऱ्यांनी आणि सिनेमांनी ही गोष्ट घरोघरी पोचवली. ती खोटी आहे. नायसिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले इझनिक, हे बिथिनिया प्रांतातले शहर. त्याच प्रांताचा रोमन सुभेदार धाकटा प्लिनी याने इ.स. ११२च्या सुमारास सम्राट ट्राजनला कळवले होते की, ख्रिस्ती लोक पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. हे नायसियात भरलेल्या बिशपांच्या परिषदेच्या दोनशे वर्षे आधीचे. मग परिषदेत भांडण कशावरून झाले?

अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस येशूला साधा माणूस म्हणत नव्हता. त्याच्या मते पुत्र सृष्टीच्याही आधीचा आणि सर्वश्रेष्ठ, पण देवाने निर्माण केलेला. देवाचे एकत्व अबाधित राहावे, ही त्याची तळमळ होती, आणि ती खरी होती. बिशप अलेक्झांडर आणि त्यांचा तरुण साहाय्यक अथनेशियस यांचा आक्षेपही तितकाच खोल होता. पुत्र जर निर्मिलेलाच असेल, तर आपण भक्ती करतो ती एका निर्मितीची. आणि जो स्वतः देव नाही, तो माणसाला देवाशी कसा जोडणार? मला हा वाद कधीच शब्दच्छल वाटला नाही. येशूच्या रूपाने माणसाला भेटले ते कोण, साक्षात देव की देवाचा दूत, हा त्यातला प्रश्न होता. परिषदेने पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे असे ठरवले. लिबियाकडच्या दोन बिशपांनी अखेरपर्यंत सही नाकारली.

वाद मात्र तिथे मिटला नाही. परिषदेनंतर हद्दपार झालेल्या एरियसला कॉन्स्टंटाइनने परत बोलावले. पुढे अथनेशियसलाच पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. त्याची सुमारे सतरा वर्षे त्यात गेली. ३३७ साली मरणशय्येवर खुद्द सम्राटाचा बाप्तिस्मा केला तो एरियसच्या बाजूच्या बिशपाने. सम्राटाच्या इच्छेने सिद्धान्त ठरत असते, तर त्याचा मुलगा कॉन्स्टँशियस याच्या काळातच एरियसच्या बाजूचे मत कायमचे रुजले असते. अर्थात ३८० साली सम्राट थिओडोसियसने नायसियाचे मत राजाज्ञेने लादले, हेही लपवण्याचे कारण नाही. सत्तेचा आधार दोन्ही बाजूंनी घेतला. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने शिकवण पक्की केली, तरी स्पेनचे गॉथ राज्यकर्ते ५८७पर्यंत एरियसच्याच वाटेने चालत होते.

गैरसमज: त्रैक्य मानणाऱ्यांत तरी एकमत आहे.

तेही नाही. पवित्र आत्मा ‘पित्यापासून’ निघतो, असे जुना मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचा जाहीर कबुलीपाठ, सांगतो. पश्चिमेकडच्या चर्चने त्यात ‘आणि पुत्रापासून’ हे शब्द घातले. पोप तिसरे लिओ यांनी नवव्या शतकाच्या आरंभी ही भर नाकारली होती. १०१४ साली रोमने ती स्वीकारली. पूर्व आणि पश्चिमेकडच्या चर्चमधल्या १०५४च्या फुटीत हे एक मोठे कारण ठरले. त्या वेळचे परस्परांवरचे बहिष्कार १९६५ साली मागे घेतले गेले, पण मतभेद राहिला. केरळातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आजही या शब्दांविनाच मतांगीकार म्हणतात.

गैरसमज: त्रैक्यावर प्रश्न विचारणारा माणूस श्रद्धाहीनच.

सर्वांत जास्त नुकसान या समजुतीने केले. स्पॅनिश वैद्य मायकेल सर्व्हेटस याने त्रैक्याविरुद्ध लिहिले, म्हणून २७ ऑक्टोबर १५५३ रोजी त्याला जिनिव्हात जिवंत जाळले. तिथला धर्मसुधारक केल्विन याचा त्यात हात होता. १९०३ साली केल्विनच्याच अनुयायांनी तिथे प्रायश्चित्ताची शिळा उभारली.

आणि आपल्या पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. पण त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व त्यांना लगेच पटले नाही, आणि तसे त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइन आणि चेल्टनहॅमच्या शिक्षिका डॉरोथिया बील यांना पत्रांतून स्पष्ट सांगितले. मलाही बुद्धी आहे, विवेक आहे, कुणी सांगितले म्हणून मी मानणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. जेराल्डाइन यांना त्यात अहंकार दिसला; मला त्यात सत्याची ओढ दिसते. याच रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली पवित्र आत्म्याच्या अनुभवाची मोठी लाट आली. प्रश्न विचारल्याने त्यांची श्रद्धा मेली नव्हती. त्यांचा हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. त्रैक्याच्या वादाविषयी मत बनवण्याआधी तो मुळातून वाचावा.